ब्रेन हॅमरेज : ‘ऑपरेशन कधी करणार?’

मेंदूत रक्तस्राव झालेल्या पेशंटला आत घेतलं, की आयसीयूच्या दाराशी नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘ऑपरेशन कधी करणार?’ प्रश्न साहजिक आहे. आत रक्त साठलंय, मग ते काढायला नको का? बऱ्याचदा उत्तर मिळतं, ‘आत्ता तरी नाही’, आणि चेहरे पडतात. काचेतून पाहणाऱ्याला वाटतं, इथे कुणी काही करतच नाहीये. पेशंट डोकं थोडं उंच करून झोपवलेला, पंपातून कसलंसं औषध थेंबाथेंबाने चाललेलं, सिस्टर येते, डोळ्यांत बॅटरी मारते, हात दाबून पाहते, काहीतरी लिहून जाते. पण या आजारात जे वाचतं, ते बहुतांशी अशा कंटाळवाण्या दिसणाऱ्या कामांमुळे वाचतं. चाकू लागतो, पण ठरावीक पेशंटनाच. त्यांच्याकडे पुढे येऊच.

आधी ‘नस फुटली’ या शब्दांविषयी. ऐकताना वाटतं, फुगा फुटावा तशी ती फुटली आणि जे व्हायचं ते होऊन गेलं. तसं नसतं. रक्तदाबामुळे होणाऱ्या रक्तस्रावात मेंदूच्या खोल भागातली केसासारखी बारीक धमनी फुटते. बाहेर आलेलं रक्त भोवतालचा मेंदू बाजूला सारतं, त्या ताणाने शेजारच्या बारीक नसाही फाटतात, आणि गुठळी वाढत जाते. पहिल्या काही तासांत साधारण तिघांपैकी एका पेशंटची गुठळी आणखी मोठी होते. म्हणजे पेशंट दारात येतो तेव्हा अपघात होऊन गेलेला नसतो, तो चालू असतो.

त्यात कवटी म्हणजे बंद डबा. आत मेंदू साधारण 1400 मिलिलिटर, रक्त 150 आणि मेंदूभोवतीचं पाणी 150. डब्यात नवं रक्त शिरलं, की आधी पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून जागा करून देतं. ही सोय पुरते तोवर वरवर सगळं ठीक दिसतं. ती संपली, की पुढच्या थोड्याशा वाढीनेही दाब झपकन चढतो. दोन तास बऱ्यापैकी बोलणारा पेशंट पुढच्या पंधरा मिनिटांत निपचित का पडतो, याचं उत्तर इथे आहे. ‘सकाळी बोलत होता हो!’ हे वाक्य प्रत्येक वॉर्डात ऐकू येतं, आणि ते खरंही असतं.

घरी जे दिसतं ते अचानक दिसतं. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ अडखळणं, तोल जाणं, एका बाजूचं दिसेनासं होणं. सोबत जोराची डोकेदुखी, उलटी आणि वाढत जाणारी गुंगी असेल तर रक्तस्रावाचा संशय बळावतो. बळावतो एवढंच. नस फुटलीय की तुंबलीय, हे बाहेरून कुणालाही सांगता येत नाही, कितीही अनुभवी डॉक्टर असला तरी. आणि दोन्हींचे उपचार उलट आहेत. तुंबलेल्या नसेला गुठळी विरघळवणारं औषध लागतं. तेच औषध फुटलेल्या नसेच्या पेशंटला मारू शकतं. म्हणून स्कॅन होईपर्यंत घरी अ‍ॅस्पिरिन द्यायची नाही. ‘हार्ट अटॅकला देतात की’, हा युक्तिवाद इथे चालत नाही.

बीपीची गोळीही जिभेखाली ठेवायची नाही. 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रुग्णवाहिकेतच बीपी उतरवून पाहिलं गेलं. ज्यांची नस फुटली होती त्यांना फायदा झाला, ज्यांची तुंबली होती त्यांचं नुकसान झालं. दोन्ही मिळून हिशेब शून्यावर आला. स्कॅनशिवाय बीपीला हात लावणं म्हणजे नाणं उडवणं.

मग घरी करायचं काय? पेशंटला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. तोंडात काही घालायचं नाही, पाण्याचा घोटही नाही. फिट आली तर दातांत चमचा खुपसायचा नाही. आणि घड्याळ पाहायचं. डॉक्टर विचारतील ती वेळ लक्षणं दिसल्याची नसते, पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला त्याची असते. रात्री अकराला ठीक झोपलेला माणूस सकाळी सहाला लुळा सापडला, तर वेळ अकराची. औषधांची सगळी पाकिटं पिशवीत टाकून सोबत न्यायची. आणि जिथे चोवीस तास सीटी स्कॅन होतो तिथेच जायचं. जवळच्या छोट्या दवाखान्यात सलाइन लावून घेऊन मग पुढे जाण्यात जो तास-दीड तास जातो, तो गुठळी वाढण्याचाच तास असतो.

सीटी स्कॅनला काही मिनिटं लागतात. ताजं रक्त त्यात पांढरं दिसतं आणि सहसा चुकत नाही. माणसाच्या मेंदूचा पहिला सीटी 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनमध्ये झाला. त्याआधी जिवंत माणसाच्या मेंदूतली गुठळी डॉक्टरांना अशी थेट दिसतच नसे.

रिपोर्टमध्ये ‘30 सीसी’, ‘45 एमएल’ असे आकडे येतात ते कुठून, हे एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर फिरतात. स्कॅनमध्ये मेंदूच्या आडव्या कापांची एकामागून एक चित्रं येतात, त्यांना चकत्या म्हणू. गुठळी जिथे सर्वांत मोठी दिसते ती चकती निवडायची. तिची जास्तीत जास्त लांबी मोजायची, समजा 5 सेंटिमीटर. तिला काटकोनात रुंदी, समजा 4. मग गुठळी किती चकत्यांवर दिसते ते मोजायचं. अर्ध्या सेंटिमीटरच्या सहा चकत्या असतील तर उंची 3. तिघांचा गुणाकार 60, त्याच्या निम्मे 30 मिलिलिटर. झालं. ही युक्ती गुठळी अंडाकृती धरून चालते, त्यामुळे वेड्यावाकड्या गुठळीत ती फसते. आणखी एक चूक नेहमीची: गुठळीची पुसटशी कड दिसणारी टोकाची चकतीही पूर्ण धरली, की आकडा फुगतो. दुसऱ्या स्कॅनमध्ये ‘गुठळी वाढली’ असं कुणी म्हटलं तर दोन्ही मोजण्या एकाच रीतीने झाल्यात का, हे विचारायला हरकत नाही.

आकाराइतकीच जागा महत्त्वाची. पुटामेन, थॅलॅमस, पॉन्स किंवा लहान मेंदू, अशा खोल ठिकाणी रक्त असेल आणि पेशंटला जुना रक्तदाब असेल, तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही. वर्षानुवर्षांच्या दाबाने तिथल्या बारीक धमन्यांच्या भिंती झिजून ठिसूळ झालेल्या असतात. सत्तरीच्या पुढच्या माणसात मेंदूच्या पृष्ठभागाजवळ रक्त असेल, तर अमायलॉइड नावाचं प्रथिन नसांच्या भिंतीत साचून त्या कमकुवत झाल्याचा संशय येतो. हा प्रकार पुन्हा उलटण्याची शक्यता जास्त. तरुण माणसात, बीपीचा इतिहास नसताना असं झालं, तर नसांचं जन्मजात जाळं, फुगवटा किंवा अमली पदार्थ, विशेषतः कोकेन आणि अ‍ॅम्फेटामिन, शोधावे लागतात. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत किंवा हार्मोनच्या गोळ्या चालू असताना मेंदूच्या शिरेत गुठळी होऊन तिच्या मागे साठलेलं रक्त फुटून बाहेर येऊ शकतं. तिथे उपचार चक्रावून टाकणारा असतो: स्कॅनवर रक्त दिसत असूनही रक्त पातळ करणारं इंजेक्शनच द्यावं लागतं. म्हणून साध्या सीटीनंतर बऱ्याच पेशंटची अ‍ॅन्जिओग्राफी होते. ‘रक्त तर दिसलं, आता पुन्हा डाय कशाला?’ असं वाटतं, पण कारण न शोधता केलेला इलाज अर्धाच.

आता तो पंप. भरतीच्या वेळी वरचं बीपी 200 किंवा 220 असणं नेहमीचं. ते साधारण 140 वर आणायचं असतं, जमेल तितक्या लवकर, तासाभरात उत्तम. पण 130 च्या खाली ढकलायचं नाही, आणि वरखाली झोके घेऊ द्यायचे नाहीत. 220 वरून धाडकन 110 झालं तर मूत्रपिंडं कुरकुरतात, मेंदूच्या उरलेल्या भागाला रक्त कमी पडतं. लॅबेटॅलॉल किंवा निकार्डिपिन शिरेतून, मोजून, दर काही मिनिटांनी बीपी बघत दिलं जातं ते यासाठी. बीपी मोजायचा पट्टा, म्हणजे कफ, लुळ्या नसलेल्या हाताला बांधलेला बरा. आणि बीपी चढलं की आधी पाहायचं, लघवी तुंबलीय का, वेदना आहेत का, नळी टोचतेय का. मूत्राशय रिकामं केल्यावर वीस-तीस अंकांनी बीपी उतरलेलं पाहायला मिळतं. अशा वेळी डोस वाढवणाऱ्यावर तासाभराने ते सावरत बसण्याची पाळी येते.

2023 साली 10 देशांतल्या सात हजारांहून जास्त पेशंटवर झालेल्या चाचणीने हे सगळं एका गाठोड्यात बांधलं: बीपी तासाभरात 140 खाली, साखर ताब्यात, ताप 37.5 अंशांच्या खाली आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा असर तासाभरात उलटवणं. यात एकही नवं औषध नाही, एकही महाग यंत्र नाही. तरीही पेशंटची अवस्था नेहमीच्या उपचारांपेक्षा चांगली राहिली.

रक्त पातळ करणारी औषधं हा स्वतंत्र गुंता, आणि घोळ इथेच सर्वाधिक होतो. वॉरफरिन चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) बघून व्हिटॅमिन के शिरेतून आणि सोबत गोठण घटकांचं तयार मिश्रण द्यावं लागतं. नुसतं व्हिटॅमिन के देऊन थांबणं ही चूक, कारण त्याचा पूर्ण असर यायला बारा ते चोवीस तास जातात. प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पेशी वगळून उरलेला द्रव, चालतो, पण तो वितळवायला वेळ आणि भरपूर मात्रा लागते, कमजोर हृदयाला ते झेपत नाही. डाबिगाट्रान असेल तर त्याचा असर उलटवणारं इडारुसिझुमॅब, 5 ग्रॅम. अ‍ॅपिक्साबॅन किंवा रिव्हारॉक्साबॅन असेल तर वेगळा मार्ग, आणि शेवटची गोळी किती वाजता घेतली यावर सगळं अवलंबून. ‘हृदयाची एक छोटी पांढरी गोळी घेतात’ एवढ्या माहितीवर काहीच ठरवता येत नाही. अ‍ॅस्पिरिनवाल्या पेशंटला प्लेटलेट चढवाव्यात असं पूर्वी वाटायचं. 2016 च्या चाचणीत ऑपरेशन नसलेल्या पेशंटमध्ये त्याने नुकसानच झालेलं दिसलं. ‘प्लेटलेट का चढवत नाही?’ यामागे हयगय नसते.

सिस्टर येऊन हात दाबते, नाव विचारते, ती ग्लासगो कोमा स्केलची मोजणी. 1974 पासून जगभर हीच वापरतात. डोळे उघडणं 4, बोलणं 5, हालचाल 6. एकूण 15, आणि अगदी काही नसलं तरी 3. एकटा आकडा फारसा बोलत नाही, त्याची चाल बोलते. 13 चा 11 झाला तर रात्री तीनलाही डॉक्टरला उठवायचं आणि पुन्हा स्कॅनला न्यायचं. डोळ्याची एक बाहुली मोठी होऊन प्रकाशाला आकसेनाशी झाली, तर मिनिटांचा खेळ. नातेवाइकांना ‘झोपू द्या ना त्याला जरा’ असं वाटतं, पण झोप आणि ग्लानी यांतला फरक उठवल्याशिवाय कळत नाही.

तर, ऑपरेशन. लहान मेंदूतली गुठळी 3 सेंटिमीटरच्या वर किंवा 15 मिलिलिटरच्या पुढे असेल, पेशंट खालावत असेल, तर वाट बघायची नाही. ती जागा अरुंद, शेजारी श्वास चालवणारा मेंदूचा देठ. इथे ऑपरेशन जीव वाचवतं. रक्त मेंदूच्या पोकळ्यांत उतरून पाण्याची वाट अडली असेल तर कवटीला छोटं भोक पाडून नळी टाकतात, पाणी बाहेरच्या पिशवीत येतं. या नळीची उंची पेशंटच्या कानाच्या पातळीवरून ठरवलेली असते. पलंग वरखाली करताना नळी बंद करायला विसरलं, तर पाणी भसकन निघून जातं किंवा उलट अडतं. पलंगाच्या खटक्याला नातेवाइकांनी हात लावू नये म्हणतात, ते याचसाठी.

खोल गुठळीची गोष्ट वेगळी. तिथे पोचायला चांगल्या मेंदूतून वाट काढावी लागते. 2005 साली हजारावर पेशंटच्या चाचणीत लवकर ऑपरेशन आणि आधी औषधोपचार यांची तुलना झाली. एकंदरीत ऑपरेशनचा फायदा दिसला नाही. 2024 मध्ये मात्र बारीक नळीतून, चोवीस तासांच्या आत, पृष्ठभागाजवळच्या 30 ते 80 मिलिलिटरच्या गुठळ्या काढलेल्या पेशंटना फायदा दिसला. खोल गुठळ्यांत तो दिसला नाही. म्हणजे ‘ऑपरेशन कधी’ याचं खरं उत्तर ‘कुठे, किती आणि पेशंट कोणत्या दिशेने चाललाय’ या तिन्हींवर आहे. दाब इतका चढला की जीवच जाईल, तेव्हा गुठळी खोल असली तरी कवटीचा तुकडा काढून जागा करून देतात. त्याने प्राण वाचतो, लुळा हात परत येईलच असं नाही. सही करण्यापूर्वी या दोन गोष्टी वेगवेगळ्या विचाराव्यात.

मेंदूच्या आवरणाखाली होणारा रक्तस्राव हा निराळा आजार आहे, नाव सारखंच असलं तरी. धमनीवर आलेला फुगवटा फुटतो. असे फुगवटे शंभरातल्या साधारण तिघा प्रौढांत असतात आणि बहुतेक कधीच फुटत नाहीत. फुटला तर डोकेदुखी क्षणात, जास्तीत जास्त मिनिटभरात, कळस गाठते. ‘डोक्यात कुणीतरी दणका घातला’ असं पेशंट सांगतो. हळूहळू तासाभरात वाढलेली डोकेदुखी सहसा ही नसते. गोळीने दुखणं कमी झालं म्हणून सुटलो, असं मात्र समजू नये. यानेही ते तात्पुरतं कमी होतं. पहिल्या सहा तासांत चांगल्या यंत्रावरचा सीटी जवळजवळ चुकत नाही. नंतर रक्त विरत जातं आणि सीटी कोरा दिसू शकतो. तेव्हा पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासतात, तेही दुखणं सुरू झाल्यापासून बारा तासांनी, कारण पिवळेपणा यायला तेवढा वेळ लागतो.

इथे घाई असते ती पुन्हा फुटण्याच्या भीतीने. धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त, म्हणून शक्यतो तेवढ्यात फुगवटा बंद करतात. एक तर कवटी उघडून त्याच्या मानेला क्लिप लावायची. वॉल्टर डँडी यांनी 1937 मध्ये पहिल्यांदा हे केलं. नाहीतर मांडीतून किंवा मनगटातून नळी सरकवून आत प्लॅटिनमच्या तारेची गुंडाळी भरायची. फुगवट्याचं तोंड बंद झालं, घरचे पेढे वाटायच्या बेतात येतात, आणि नेमका तेव्हा दुसरा धोका सुरू होतो. चौथ्या ते चौदाव्या दिवसात मेंदूच्या धमन्या आकसतात. पाचव्या दिवशी गप्पा मारणारा पेशंट सातव्या दिवशी अडखळायला लागतो. त्यासाठी निमोडिपिन 60 मिलिग्रॅम, दर चार तासांनी, 21 दिवस. मध्यरात्रीचा आणि पहाटे चारचा डोसही आलाच. घरी लवकर सोडलेल्या पेशंटचे हेच डोस चुकतात. सहाच्या सहा गजर लावून ठेवावेत. नाकातल्या नळीतून देताना कॅप्सूलमधलं औषध सिरिंजने काढतात. त्या सिरिंजवर ‘फक्त तोंडावाटे’ असं ठळक लिहिलंच पाहिजे. ते चुकून शिरेत गेल्याने पेशंट दगावल्याच्या नोंदी आहेत.

याच्या अगदी उलट स्वभावाचा प्रकार म्हातारपणी दिसतो. वयाने मेंदू थोडा आकसतो, तो आणि कवटी यांना जोडणाऱ्या शिरा ताणल्या जातात. न्हाणीघरात घसरून डोकं किंचित आपटतं, टेंगूळही येत नाही. तीन-चार आठवड्यांनी आजोबा पाय ओढायला लागतात, विसरतात, दिवसा झोपतात. ‘वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं. स्कॅन केला तर मेंदूवर जुन्या रक्ताची चंद्रकोर. ‘डोक्याला कधी लागलं होतं का?’ असं विचारलं तर ‘नाही’ येतं; ‘गेल्या दोन महिन्यांत कधी पडले होते का?’ असं विचारलं तर आठवतं. इथे मात्र ऑपरेशनच उत्तम: कवटीला एक-दोन भोकं पाडली, की इंजिन ऑइलसारखं काळपट पाणी निघतं. बरेच जण दोन दिवसांत चालू लागतात. दहातल्या एका-दोघांना पुन्हा साठतं, म्हणून नंतरचा स्कॅन टाळू नये. तरुणांच्या डोक्याच्या मारातही एक फसवा प्रकार असतो. कानाच्या वर मार बसतो, क्षणभर शुद्ध जाते, मग माणूस उठून बोलतो, आणि तासा-दोन तासांत पुन्हा कोसळतो. मधली ती शुद्ध पाहून घरी नेलेले पेशंट हातचे जातात.

पुन्हा आयसीयूत. पहिला घोट पाणी हा इथला सर्वांत कमी लेखला जाणारा धोका आहे. घशाचे स्नायू लुळे असतील तर पाणी फुप्फुसात जातं, कधीकधी ठसकाही न लागता, आणि चौथ्या दिवशी न्यूमोनिया उभा राहतो. म्हणून आधी चाचणी. पेशंट पूर्ण जागा, ताठ बसलेला. चमचाभर पाणी. गिळल्यावर खोकला आला का? ‘आ’ म्हणायला लावल्यावर आवाज ओलसर, घोगरा झाला का? यातलं काही झालं नाही, तर आणखी चमचे, मग छोटा कप. कुठेही अडलं, की नाकातून नळी. भेटीच्या वेळी प्रेमाने पाजलेले दोन घोट पुढचे दोन आठवडे महाग पडू शकतात.

बाकीचं थोडक्यात. डोक्याकडची बाजू 30 अंश, मान सरळ, गळ्याभोवती काही घट्ट नको, नाहीतर शिरांमधलं रक्त परत येताना अडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. पायांत रक्त गोठू नये म्हणून हवा भरणारे-सोडणारे पट्टे पहिल्या दिवसापासून; नुसते घट्ट मोजे कामाचे नाहीत. शौचाला कुंथावं लागू नये म्हणून औषध. साखर 180 च्या वर नको, पण ती उतरवताना घसरूही द्यायची नाही. कवटीतला दाब उतरवणारं मॅनिटॉल, दाब चढल्याची चिन्हं असतील तरच. सगळ्यांना रोज ठरल्याप्रमाणे देण्यात अर्थ नाही, सोडियम आणि मूत्रपिंडं बिघडतात. गुठळीभोवतीची सूज आठवडाभर आणि कधी त्याहून जास्त वाढत राहते, त्यामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी पेशंट थोडा मंदावला तर ते दर वेळी नवं रक्त नसतं. सुजेवर स्टेरॉइड द्या असं सुचवणारा कुणीतरी भेटतोच. या आजारात स्टेरॉइडने फायदा होत नाही, जंतुसंसर्ग वाढतो.

‘वाचेल का?’ याचं उत्तर द्यायला एक गुणपद्धती आहे. शुद्ध, गुठळी 30 मिलिलिटरच्या वर आहे का, पोकळ्यांत रक्त उतरलंय का, जागा मेंदूच्या तळाशी आहे का, वय 80 च्या पुढे आहे का. यावरून अंदाज येतो, निकाल नाही. पहिल्याच रात्री ‘आता काही करू नका’ असा निर्णय घेतला, तर तो अंदाज स्वतःलाच खरा करून दाखवतो. पेशंटने आधीच तसं सांगून ठेवलं नसेल, तर निदान दुसरा पूर्ण दिवस जाईपर्यंत थांबावं. रक्तस्रावाचे पेशंट सुरुवातीला फार वाईट दिसतात, कारण काही पेशी मेलेल्या नसून नुसत्या दबलेल्या असतात. गुठळी विरली की त्यांतल्या काही कामाला लागतात. वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत जास्त, पण सहा महिन्यांनंतरही सुधारणा होत राहते. व्यायाम चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनंतर, थोडा थोडा. आणि उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा निखळतो आणि मग त्या दुखण्यापायी महिनोन्महिने व्यायामच होत नाही.

पुन्हा होऊ नये, किंवा मुळातच होऊ नये, यासाठी एकच मोठं काम आहे: बीपी 130/80 च्या खाली. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत पेरिंडोप्रिल आणि इंडापामाइड यांनी बीपी उतरवलेल्यांत पुढच्या रक्तस्रावाचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण बीपी खाली आहे की नाही, हे नीट मोजल्याशिवाय कळणार कसं? पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. अर्धा तास आधी चहा नाही, सिगारेट नाही, लघवी करून आलेलं. कफ उघड्या दंडावर, हृदयाच्या पातळीला. जाड दंडाला छोटा कफ लावला तर आकडा खोटाच चढतो. मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी. सात दिवसांत प्रत्येक वेळी बरोबर 120/80 लिहिलेली वही कुणी आणली, तर ती एकाच बैठकीत लिहिली आहे हे आम्ही न विचारता ओळखतो.

मीठ दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा, सगळ्या पदार्थांतलं मिळून. धूम्रपान बंद, फुगवटा वाढण्याशी आणि फुटण्याशी त्याचा थेट संबंध आहे. दारूने बीपीही चढतं आणि रक्त गोठण्याची ताकदही घटते. सांधेदुखीच्या गोळ्या रोज घेतल्या तर बीपी वर जातं आणि बीपीच्या गोळ्या निकामी वाटू लागतात. सर्दीच्या काही गोळ्यांत नसा आकसवणारं औषध असतं. फेनिलप्रोपॅनोलामीन नावाचं असंच एक औषध रक्तस्रावाच्या संशयावरून अमेरिकेत 2000 साली बाजारातून काढायला लावलं गेलं. क्लोनिडिन किंवा बीटा ब्लॉकर ही बीपीची औषधं एकदम सोडली तर बीपी उसळी मारतं. ‘बरं वाटतंय म्हणून बंद केली’ हे भरतीच्या कागदावर पुन्हा पुन्हा लिहावं लागणारं वाक्य. घरातल्या दोन जवळच्या नातलगांना, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं यांत, फुगवटा फुटून रक्तस्राव झाला असेल, तर बाकीच्यांनी एमआर अ‍ॅन्जिओग्राफीविषयी, म्हणजे एमआरआय यंत्रावर मेंदूच्या नसा पाहण्याच्या तपासणीविषयी, डॉक्टरांशी बोलावं.

आणि खिशात एक कागद. त्यावर प्रत्येक औषधाचं नाव, मिलिग्रॅम, घ्यायची वेळ. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर लाल शाईने, सोबत ती कशासाठी चालू आहे: झडप, हृदयाची अनियमित गती, की पायातली गुठळी. शेवटचा आयएनआर आणि त्याची तारीख. रोजचं बीपी किती असतं. अ‍ॅलर्जी. हा कागद पाकिटात ठेवा, दुसरी प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या, आणि गोळी बदलली त्याच दिवशी कागदही बदला. जुनी यादी यादी नसण्यापेक्षा वाईट.